पायी लागणारा वेळ

आमच्या शाळेच्या शेरेबुकात शेवटचा शेरा अकरा वर्षांपूर्वीचा होता. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यानं शाळेत काय पाहिलं ते या वहीत लिहून खाली सही करायची असते. त्या साहेबांनी लिहिलं होतं, "परिसर स्वच्छ. झाडांना नियमित पाणी घालावे." झाडं दोन होती. एक मोठ्या रस्त्यात गेलं आणि दुसरं त्या रस्त्याच्या धुळीनं. वही मात्र मी दर वर्षी नवं कव्हर घालून कपाटात ठेवत आले, कारण ती हरवली असती तर माझी चौकशी लागली असती. अकरा वर्षांत एकही साहेब इकडे फिरकला नाही, याची चौकशी लावायला कोणी मोकळं नव्हतं.

त्या शाळेची मी एकटी बाई. दोन खोल्या, चार इयत्ता, सतरा मुलं. मुख्याध्यापिका मी, शिपाई मी, घंटा वाजवणारीही मीच. नोकरीची तेहतीस वर्षं झाली, त्यांतली एकोणीस याच दोन खोल्यांत गेली. आवाज मोठा आणि स्वभाव तापट, हे मी आधीच सांगते. गोड बोलून कामं करून घेणं मला कधी जमलं नाही. ते काम कागदावर माझा नवरा करायचा. तो शिक्षण कार्यालयातूनच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. मी संतापून बोलायचं आणि त्यानं ते "सविनय सादर" करायचं, असा आमचा संसार.

मोठा रस्ता सहा वर्षांपूर्वी झाला. आमच्या बाजूला खाणीत आणि सिमेंटच्या कारखान्यात राबणाऱ्यांची वस्ती आणि आमची शाळा. पलीकडे बाजार, दवाखाना आणि आठ खोल्यांची मोठी शाळा. मधे सहा पदरी रस्ता आणि त्यावर खडीचे, सिमेंटचे ट्रक. खालून जायचा बोगदा साडेतीन किलोमीटरवर. म्हणून लोकांनी दुभाजक फोडून माणूस आडवा जाईल एवढी फट केली होती आणि जीव मुठीत धरून तिथून ये-जा करत होते. नकाशावर मात्र दोन शाळांमध्ये जेमतेम सव्वा किलोमीटर. नियम असा की वीसपेक्षा कमी मुलं असली आणि दीड किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असली, की लहान शाळा बंद करून मुलं मोठीत पाठवायची. खुर्चीत बसून नकाशा बघणाऱ्याला आमची शाळा म्हणजे निव्वळ चैन वाटत असणार.

दर वर्षी पत्र यायचं, शाळा का बंद करू नये याचा खुलासा करा. दर वर्षी आम्ही खुलासा करायचो. शेवटी नवऱ्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "तरी माननीय अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष भेट देऊन खात्री करावी, ही विनंती." तीन वर्षं हे वाक्य जात राहिलं. कोणी आलं नाही, पण शाळाही बंद झाली नाही, आणि आम्ही त्यातच समाधान मानत होतो.

आता मोजणीदाराबद्दल सांगते. ही तिसरीतली मुलगी, नऊ वर्षांची. हजेरीत नाव वेगळं होतं, पण सगळी वस्ती तिला मोजणीदारच म्हणायची, कारण दिसेल ते मोजायची खोड. फळ्याच्या चौकटीचे खिळे, माझ्या चष्म्यावरचे ओरखडे, मी दिवसातून किती वेळा "गप्प बसा" म्हणते ते. एकदा मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "बाई, आज एकेचाळीस झाले. काल सव्वीसच होते. तुम्हाला बरं नाही का?" अशा मुलीवर रागावता येत नाही. बेरजेतला हातचा सगळ्या वर्गात आधी तिला कळला. एककांचे दहा झाले की एक जण शेजारच्या घरी राहायला जातो, त्याला तिथं धरायला विसरायचं नाही, असं ती पहिलीतल्या पोरांना माझ्याच आवाजात समजावून सांगायची.

तिचा बाप पंक्चरवाला. रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं दुकान. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको त्या फटीतून परत येताना ट्रकच्या चाकात सापडली. जीव वाचला, पण पाऊल चिरडलं, आणि ती आता भिंत धरून चालते. त्यानं ते दुकानाच्या दारातून, हातात टायर धरून पाहिलं होतं. पुढे एकदा मी मोठ्या शाळेचा विषय काढला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाई, इथली शाळा आहे तोवर पोरगी शिकेल. पलीकडे मी तिला पाठवणार नाही."

"मग तू स्वतः सोडत जा," मी म्हटलं.

"सोडीन. आणि आणायच्या वेळी गिऱ्हाईक असलं, मला पाच मिनिटं उशीर झाला, तर ही तिथं थांबून राहील? तुम्हीच सांगा."

शाळा राहिली तर मोजणीदार शिकणार, शाळा गेली तर तिचं शिक्षण तिथंच संपणार, इतकं ते सरळ होतं. बाकीच्या सोळा जणांचं काहीतरी झालं असतं. कोणी मामाकडे राहायला गेलं असतं, कोणी मोठ्या भावाचा हात धरून पलीकडे. हिचं काहीच झालं नसतं. तिच्याकडे बघितलं की मला हे आठवायचं, आणि मग मी एकेचाळीस वेळा "गप्प बसा" म्हणायचे.

हातात काहीतरी पुरावा हवा म्हणून मी दर बुधवारी पाव तास मुलांना व्हरांड्यात बसवून वाहनं मोजायला लावली. ट्रक, बस, मोटारी, दुचाकी असे चार रकाने. वही अर्थातच मोजणीदाराकडे. पानाच्या वर तारीख, तळाशी बेरीज, आणि मी तपासल्यावर लाल पेननं बरोबरची खूण. चुकलेल्या बेरजेवर मी बरोबरची खूण कधी केली नाही. पोरं रडली, पोरांच्या आया रडल्या, तरी नाही. तेहतीस वर्षांत एवढ्या एका गोष्टीचा मला गर्व होता.

परीक्षेच्या दोन महिने आधी नवा हुकूम निघाला. खात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्यानं दर महिन्याला आपल्या हद्दीतल्या काही शाळांना स्वतः जाऊन भेट द्यायची. आणि कुठलीही शाळा बंद करण्याआधी तिथल्या मुलांबरोबर नव्या शाळेपर्यंत चालत जायचं, आणि "विद्यार्थ्यांस पायी लागणारा वेळ" घड्याळ लावून लिहायचा. नवऱ्यानं चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला.

"अगं, चाळीस वर्षांत त्या कार्यालयातून निघालेला हा पहिला शहाणा कागद आहे," तो म्हणाला.

"येतील का पण खरंच?"

"येतील. न येणाऱ्याच्या बदलीची तरतूद आहे. शेवटचा परिच्छेद वाच."

मला आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही. त्या दिवशी वर्गात फक्त नऊ वेळा ओरडले. मोजणीदारानं तसं सांगितलं.

साहेब येणार म्हटल्यावर वस्तीतले पालक जमले. कोणी म्हणालं भिंतींना चुना मारू, कोणी म्हणालं गळक्या कोपऱ्यावर पत्रा टाकू, स्वागताचा फलक लावू. मी सगळ्यांना हाकलून दिलं. आजूबाजूच्या शाळांचा हा मूर्खपणा मी आयुष्यभर पाहत आले होते. वर्षभर गळक्या छपराखाली बसायचं आणि साहेब येणार म्हटलं की छपरावर ताडपत्री घालून त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची. मग साहेब लिहिणार, सर्व समाधानकारक. माझ्याकडे ते चालणार नव्हतं. गळक्या कोपऱ्यातली पावसाळ्यापासूनची बादली मी मुद्दाम जागेवर ठेवली. जे आहे ते दिसू दे, म्हटलं.

फक्त एक गोष्ट मला आदल्या दिवशी दुपारी सुचली, आणि सुचली तशी माझी पाचावर धारण बसली. मुलांबरोबर चालायचं म्हणजे मुलं त्या फटीतून जाणार. सतरा मुलं, त्यांतली पाच पहिलीतली. साहेब बघतोय म्हणून ट्रक काही हळू जाणार नव्हते. साहेबाला धोका दाखवायचा तर पोरांना त्या धोक्यात घालायचं, याशिवाय दुसरी वाट नव्हती, आणि इतके दिवस आनंदाच्या भरात मला ते दिसलंच नव्हतं.

वाहतूक पोलिसांत माझा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात कायम पेंगायचा, म्हणून त्याला आम्ही झोप्या म्हणायचो. त्याला फोन केला. म्हटलं, "उद्या साडेदहाला फटीपाशी ये. बाजूला उभा राहा. काही गडबड झाली तरच पुढे हो."

"बाई, तुम्ही काळजीच करू नका," तो म्हणाला.

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. पंक्चरवाल्याकडे मात्र गेले. उद्या एकदाच, साहेबांसाठी, आणि तिचा हात मी सोडणार नाही, असा शब्द दिला. पान्हा फडक्यानं पुसून खाली ठेवत तो "बरं" म्हणाला.

साहेब सांगितलेल्या वेळी आले. चाळिशीचा माणूस, पायात पळायचे बूट, पाण्याची बाटली स्वतःची, बरोबर एक कारकून. येताच मुलांबरोबर खाली बसले. एका अडखळणाऱ्या पोराचं वाचन मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकलं. बादलीकडे बघून त्यांनी छपराबद्दल काहीतरी लिहून घेतलं. मला खरं सांगायचं तर रडू येत होतं. अकरा वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली तो असा असेल असं वाटलं नव्हतं.

मी मोजणीची वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. "पाव तासात एकशे त्रेपन्न ट्रक?"

"एक मागे जाऊन परत पुढे गेला, तो एकदाच धरलाय," मोजणीदार म्हणाली.

साहेब हसले. "कृतीतून गणित. सुंदर उपक्रम आहे."

"उपक्रम नाही साहेब, पुरावा आहे तो," मी म्हटलं.

"हो, हो, तेही आहेच," म्हणत त्यांनी कारकुनाला पानाचा फोटो काढायला सांगितला. कारकुनानं तो उपक्रमांच्या यादीत टाकला. मी बघितलं, पण म्हटलं असू दे, रस्ता तर बघायचाच आहे अजून.

साहेबांनी घड्याळ लावलं आणि आम्ही निघालो. दोन-दोनची रांग. मोजणीदाराचा हात माझ्या हातात. शेरेबुक काखेत. वस्तीची वाट संपली, पंक्चरचं दुकान आलं. बाप दारात उभा होता. तो आमच्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता. आणि मग मीही रस्त्याकडे बघितलं.

झोप्या बाजूला उभा नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, कडक इस्त्रीच्या गणवेशात. पलीकडच्या पदरांवर त्याचा एक जोडीदार होता. लाल-पांढरे शंकू ओळीनं मांडलेले. आम्ही दिसताच त्यानं शिट्टी फुंकून हात वर केला, आणि मी सहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. ट्रक थांबले. एकामागे एक, दोन्ही बाजूंनी, पार वळणापर्यंत. एकानंही हॉर्न वाजवला नाही. इतकं शांत झालं की मुलांच्या चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. झोप्यानं साहेबांना सलाम ठोकला आणि माझ्याकडे बघून लाजून हसला, वर्गात पहिल्यांदा पाढा बरोबर आल्यावर हसला होता तसाच.

मुलं रमतगमत रस्ता ओलांडून गेली. पहिलीतल्या एकानं मधेच वाकून रस्त्यावरची खडी उचलली.

"बाई, आज शून्य," मोजणीदार म्हणाली.

मोठ्या शाळेच्या फाटकाशी साहेबांनी घड्याळ बंद केलं. तेवीस मिनिटं. त्यांचं वाहन बोगद्यातून वळसा घालून तिथं येऊन थांबलं होतं. ते समाधानानं म्हणाले, "छान व्यवस्था आहे."

"साहेब, हा रोज नसतो," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "हा आज आलाय. मी बोलावलं म्हणून आलाय. रोज इथं कुत्रंसुद्धा थांबत नाही."

"तुम्ही बोलावलंत?"

"मुलं होती बरोबर. मग काय करणार?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. थोडा विचार करून ते म्हणाले, "ठीक आहे. मी परत चालत येतो. त्याला बाजूला व्हायला सांगा. तुम्ही मुलांना एरवी न्याल तसं न्या. मी तोच वेळ लिहीन, आणि जे दिसेल तेही लिहीन."

आम्ही फटीपाशी परत आलो. मी झोप्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो गोंधळला, पण शंकू उचलून कडेला झाला. अडलेले ट्रक सुटले. थांबवून ठेवल्यामुळे की काय, ते नेहमीपेक्षा जोरात चालले होते. वाऱ्यानं मुलांचे केस उडत होते. मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं असतं चला, तर ती निघाली असती. तेवढी शिस्त मीच लावली होती. पलीकडे दुकानाच्या दारात बाप एक पाऊल पुढे आलेला दिसत होता. माझ्या हातात मोजणीदाराचा हात होता आणि तो घामानं निसटत होता.

"नको, साहेब," मी म्हटलं.

"अहो, मग मी काय लिहू?"

"मुलं राहू देत. आपण दोघं जाऊ. तुम्हाला कळेल."

"माझ्या पायांचा वेळ लिहायला रकाना नाही, बाई. मुलांचा आहे." हे ते उर्मटपणे बोलले नाहीत. उलट मला वाटतं त्यांना माझी कीव आली होती. "आज मुलं गेली, मी बरोबर होतो, तेवीस मिनिटं लागली. ट्रक थांबले ते मी पाहिलं. न थांबलेले ट्रक आणि त्यातून जाणारी मुलं मी पाहिली नाहीत. न पाहिलेलं लिहायचं नाही, म्हणून तर हा हुकूम निघालाय."

ते घड्याळाकडे बघायला लागले. त्यांना त्या दिवशी अजून दोन शाळा करायच्या होत्या. परत वाहनापाशी जाऊन त्यांनी बॉनेटवर शेरेबुक ठेवून लिहिलं. अकरा वर्षांनंतरचा तो शेरा मला पाठ आहे. "छत दुरुस्ती आवश्यक. वाहने मोजण्याचा उपक्रम स्तुत्य. विद्यार्थ्यांनी नवीन शाळेपर्यंतचे अंतर तेवीस मिनिटांत सुरक्षितपणे पार केले. पोलिसांचे सहकार्य उल्लेखनीय." खाली सुरेख अक्षरात सही.

झोप्यानं पुन्हा ट्रक थांबवले आणि आम्ही शाळेत परतलो. जाताना त्यानं विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "तू फार चांगलं केलंस."

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्यानं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. तो फक्त म्हणाला, "शेरा एकदा दाखव." वाचून त्यानं वही मिटली आणि तिचं कव्हर उगाच नीट केलं.

परीक्षा संपताच पत्र आलं. "प्रत्यक्ष भेट देऊन खात्री केली असता" अशी सुरुवात होती. नवऱ्याचंच वाक्य, तीन वर्षं पाठवलेलं, आता आमच्याकडे परत आलं होतं. शाळा नव्या वर्षापासून बंद. मुलं मोठ्या शाळेत. मला जागा उरली नाही म्हणून सेवाज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत टाकलं होतं. नवऱ्यानं अपील लिहिलं. उत्तर पंधरा दिवसांत आलं, इतक्या लवकर कधी येत नाही. एका शाळेला वर्षात दुसरी भेट देता येत नाही, त्यामुळे इतर शाळांवर अन्याय होतो.

"फाईल पक्की आहे," तो म्हणाला. "मी त्या खुर्चीत असतो तर मीही हेच टिपण केलं असतं." त्यानंतर त्यानं पेन उचललं नाही. आता मी संतापून बोलते तेव्हा तो रेडिओ लावतो.

झोप्या पहिले दोन दिवस सकाळी फटीपाशी उभा राहिला, स्वतःहून. तिसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे ड्यूटी लागली. पहिल्या आठवड्यात आमच्या सतरांतली अकरा मुलं पलीकडे जात होती. महिन्यानं सहा. मोजणीदार पहिल्या दिवशीही गेली नाही. बापानं शब्द पाळला होता. मी त्याच्या दुकानी तीनदा गेले, तिन्ही वेळा त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मान हलवली. बोगद्यानं सायकलवरून ने, म्हटलं. तो म्हणाला, "जायचे-यायचे दोन तास दुकान बंद ठेवून खायचं काय? बायकोचा पाय तुम्ही बघितलाय." मी बघितला होता.

आता मी सकाळी सहा चाळीसची बस धरते. ती याच मोठ्या रस्त्यानं जाते, पंक्चरच्या दुकानावरून, फटीपाशी जराही वेग कमी न करता. पहिले काही दिवस मी खिडकीतून बघायचे. मग उलट्या बाजूला बसायला लागले.

चार महिन्यांनी एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून परतताना मी मुद्दाम वस्तीच्या थांब्यावर उतरले. मोजणीदार दुकानाच्या दारात एका जुन्या टायरवर बसली होती. हात काळे, केस कसेतरी बांधलेले. मला बघून उठली आणि आत पळाली. मला वाटलं लाजली. ती वही घेऊन आली.

"बाई, मी सोडलं नाही," ती म्हणाली. "आता रोजच करते. तुमची बस पण आहे यात. आधी तुम्ही या बाजूला बसायचात."

तेच चार रकाने. वर तारीख. मी स्टूलवर बसून पर्समधून लाल पेन काढलं, सवयीनं. पहिले तीन आठवडे सगळं चोख होतं. मग एका पानावर बेरीज चुकली. मग दुसऱ्या. मी मागे-पुढे पानं उलटली. मोजलेलं बरोबर होतं, एकेक रेघ बरोबर, पण एककांचे दहा झाले की ते जागच्या जागी राहत होते. ती हातचा धरायला विसरली होती. पहिलीतल्या पोरांना जो तिनं शिकवला होता तो. शेवटच्या पानांवर तिनं बेरीज करणंच सोडून दिलं होतं, नुसते आकडे एकाखाली एक लिहून खाली मोठी रेघ मारली होती.

बाप हात पुसत बाहेर आला आणि तिच्या मागे उभा राहिला. "बघा बाई," तो म्हणाला. "मी काही तिचा अभ्यास बंद केला नाही. रोज बसते वही घेऊन. मी दिवा लावून देतो, आई शेजारी बसते. बरोबर आहे ना सगळं?"

इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्याला असं बघत होते. त्याला उत्तर हवं होतं, आणि ते काय हवं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"साहेब परत आले की दाखवायची आहे," मोजणीदार म्हणाली. "तपासा ना, बाई."

दोघंही माझ्या पेनाकडे बघत होते. मी चुकलेलं पान उघडलं आणि त्यावर बरोबरची खूण केली. मग पुढच्या पानावर. मग त्याच्याही पुढच्या.